खाटेखालचा रोगी

आमचे सिंदी (मेघे) गाव वर्धा शहरास इतके लागून आहे की, शहर कोठे संपले आणि गाव कोठे लागले हे परक्या माणसास कळत नाही. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे ते गाव निराळे. नावावरून पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून आधीच सांगितले. आमच्या जवळच सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, सेवाग्रामास कस्तुरबा रुग्णालय आहे आणि वर्ध्यात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली निघाले, सावंगीचे १९९० साली. वैद्यकविद्या शिकविणारी दोन मोठी रुग्णालये ज्याच्या उशापायथ्याशी आहेत असे भाग्य फार थोड्या गावांचे असेल. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे रोगी आपले घरदार मागे टाकून इकडे येतात. त्यामुळे गाठोडे, पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवी घेऊन बस थांब्यावर बसलेला माणूस आम्ही नेहमी पाहतो, आणि तो रोग्याचा नातेवाईक आहे हे कोणी न सांगता ओळखतो.

रुग्णालयात रोग्याच्या नावाचा कागद होतो. त्याचा ताप, त्याची नाडी, त्याचा रक्तदाब, त्याने किती पाणी प्याले आणि किती लघवी केली, हे सर्व लिहून ठेवितात. आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच खाटेखाली सतरंजी टाकून जे माणूस रात्र काढते त्याची नोंद कोणत्या वहीत होते? त्याने काल काय खाल्ले, तो किती वेळ झोपला, त्याची स्वतःची गोळी चालू आहे की संपली, हे कोणी विचारले आहे काय? वाचक हो, आज आम्हांस या खाटेखालच्या माणसाविषयी लिहावयाचे आहे. हा विषय आम्ही पुस्तकात वाचून घेतलेला नाही. तो आमच्या घरात घडला, आणि त्यात आमचाही दोष आहे. म्हणून प्रथम घरचेच सांगतो.

२०२२ सालच्या नोव्हेंबरात, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, आमच्या वडिलांस लकवा झाला. त्यांस एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले. ते रुग्णालय कोणते हे सांगण्याचे कारण नाही. कारण जे तेथे घडले ते दुसरीकडे घडत नाही असे नाही. तेवीस दिवस ते तेथे होते. घरी आणल्यावर पंधरवड्यातच छातीत कफ होऊन पुन्हा दाखल करावे लागले, आणि नंतर पाठीवर जखम झाली म्हणून तिसऱ्यांदा. या तिन्ही वेळी त्यांच्याजवळ राहिल्या त्या आमच्या वहिनी. वडील भाऊ शेतात गुंतलेला, कारण वेचणी थांबली तर वर्षाची कमाई भिजते. आम्ही नोकरीचे निमित्त सांगितले. दर रविवारी आम्ही फळे घेऊन जात असू, वडिलांच्या कपाळावर हात ठेवीत असू, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत असू. गावात लोक आम्हांस श्रावणबाळ म्हणू लागले आणि आम्ही ते ऐकून घेतले!

तिसऱ्या खेपेस एके पहाटे वहिनी पाणी आणावयास गेल्या त्या नळाशीच पडल्या. त्यांस रक्तदाबाचा विकार पूर्वीचा होता. डॉक्टरांनी विचारले की, गोळी चालू होती काय? तेव्हा त्या जे बोलल्या ते आमच्या कानातून अद्याप जात नाही. त्या म्हणाल्या, "गोळ्या तं पहिल्याच बारीले सरल्या होत्या, भाऊजी. सांगू कोणाले? मामाजीच्याच औषधाले पैसे पुरत नोहते." वडील चार महिन्यांनी वारले. वहिनी आहेत, पण त्यांचा उजवा हात आजही भरलेला गंज धरू शकत नाही. एका माणसाच्या आजारात आमच्या घरातील दोन माणसे गेली असे म्हटले तरी चालेल. एक पुरते, आणि एक अर्धे.

आता कोणी म्हणेल की, हे एका घराचे दुर्दैव झाले, त्यावरून लेख कशास पाहिजे? त्यांस आमचे उत्तर असे की, ही गोष्ट दैवाची नसून हिशेबाची आहे, आणि तो हिशेब विद्वानांनी मांडून ठेविला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड येथील ख्रिस्ताकिस आणि पेनसिल्व्हेनिया येथील ॲलिसन या दोघांनी २००६ साली पाच लाख अठरा हजारांवर वृद्ध जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा रुग्णालयात गेला की बायकोच्या, आणि बायको गेली की नवऱ्याच्या मरणाचा धोका वाढतो, असे त्यांस आढळले. त्यातही पहिले तीस दिवस सर्वांत कठीण. शिवाय धोका रोगाप्रमाणे बदलतो. स्मृतिभ्रंशासारखा, माणसास परावलंबी करून सोडणारा रोग असेल तर जोडीदारास अधिक भोवतो. आतड्याच्या कर्करोगासारखा, मारक परंतु शेवटपर्यंत माणूस शुद्धीवर ठेवणारा रोग असेल तर तितका भोवत नाही. म्हणजे आपल्या माणसाच्या मरणाच्या भीतीपेक्षा त्याचे रोजचे उठविणे, बसविणे, सांभाळणे हेच जवळच्या माणसास अधिक झिजविते.

याच देशातील ओहायो येथे १९९५ साली एक साधा प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या तेरा बायका आणि तशी सेवा न करणाऱ्या तेरा बायका घेतल्या. दोहोंच्याही हातावर एकसारखी बारीकशी जखम केली आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात हे मोजले. सेवा करणाऱ्या बायकांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. मनावरचा भार हा केवळ मनाचा खेळ आहे असे म्हणणारांनी ही गोष्ट ध्यानात धरावी. भार मनावर पडतो, पण कातडीही त्याची साक्ष देते. झोप तुटली, पोटात वेळेवर अन्न नाही, आणि आता काय होईल ही धास्ती अष्टौप्रहर राहिली, म्हणजे शरीरातील ताणाचे रस चढलेलेच राहतात. मग रक्तदाब वाढतो, साखर वाढते, आणि रोगाशी झगडण्याची ताकद उणी होते.

फ्रान्समध्ये अतिदक्षता विभागातील रोग्यांच्या नातलगांची २००५ साली पाहणी प्रसिद्ध झाली. रोगी तेथून निघाल्यास किंवा वारल्यास तीन महिने झाल्यावर त्यांस विचारले असता, सुमारे तीनांत एका नातलगाच्या मनात भयाची लक्षणे घर करून बसलेली आढळली. यंत्राचा आवाज स्वप्नात ऐकू येतो, दचकून जाग येते, रुग्णालयाच्या रस्त्याने जाववत नाही, असा हा विकार आहे. लढाईवरून परतलेल्या शिपायांत जे आढळते तेच हे. आमच्याकडे अशा बाईस "बाहेरचे झाले" म्हणतात आणि भगताकडे नेतात!

आणखी एक गोष्ट सांगून हा भाग संपवितो, कारण आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. १९९९ साली शुल्झ आणि बीच या दोघांनी चार वर्षे पाहून असे दाखविले की, जोडीदाराची सेवा करून ज्या वृद्धांस त्या सेवेचा ताण होत होता, त्यांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा त्रेसष्ट टक्के अधिक होता. परंतु जे सेवा करीत होते आणि ज्यांस ताण होत नव्हता, त्यांत तसा वाढीव धोका आढळला नाही. याचा अर्थ काय झाला? सेवेने माणूस मरत नाही. एकटे पाडल्याने मरतो, न शिकविल्याने मरतो, पैसा संपल्याने मरतो, झोप न मिळाल्याने मरतो. आणि या चारही गोष्टी माणसाच्या हातच्या आहेत, देवाच्या नव्हेत.

प्रथम पैशाचे पाहू. २०१७-१८ सालच्या सरकारी नमुना पाहणीत बाळंतपणे सोडून एका वेळच्या रुग्णालयवासाचा औषधोपचाराचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खाजगीत ३१,८४५ रुपये निघाला. हा रोग्याचा खर्च झाला. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, त्याचे खाणे, येण्याजाण्याचे भाडे, घरी राहिलेल्या पोरांची आबाळ, शेजाऱ्याच्या भरवशावर टाकलेले ढोर, हे कोणत्या आकड्यात धरावयाचे? पगारी नोकरास रजा मिळते. रोजाने निंदणास जाणाऱ्या बाईस रजा म्हणजे त्या दिवशीची चूल बंद. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी तोलावर असते. ती रुग्णालयात बसली म्हणजे तिचा तोल शून्य. रोगी बरा होऊन घरी येतो तेव्हा सावकाराचा कागद त्याच्या आधी घरी पोचलेला असतो.

महाराष्ट्र सरकारने २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि पुढे ती सर्व राज्यास लागू केली. २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले, आणि २०२३ सालच्या निर्णयाने कुटुंबामागे दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर नेली. या योजनेने पुष्कळ गरिबांचे प्राण वाचले आहेत, हे आम्ही उघडपणे कबूल करितो. परंतु योजना रोग्याच्या खाटेपाशी थांबते. खाटेखाली वाकून पाहत नाही. सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा एक पैसाही तीत नाही.

आणि ज्यांचे नाव या योजनेस दिले आहे त्यांच्याच घराकडे पाहा. १८८८ साली जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. तशाही स्थितीत त्यांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला, हे आम्ही व्याख्यानांतून नेहमी सांगतो आणि टाळ्या घेतो. परंतु १८९० साली देहावसान होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ ते लुळे अंग रोज कोणी उचलले? घरात पैशाची ओढ होती. मामा परमानंदांसारख्या स्नेह्यास सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी लिहावे लागले. त्या घरात सावित्रीबाई होत्या. पुढे १८९७ सालच्या प्लेगात पुण्याजवळ त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. सेवा करणाराचा देहही रोगास बळी पडतो, ही गोष्ट आम्हांस इतक्या जवळून माहीत असता आम्ही त्यातून एवढेच शिकलो की, बाईने सेवा करावी आणि पुरुषाने तिचा पुतळा उभारावा!

येथे आम्हांस थोडे कडू बोलावयाचे आहे. सेवेचा भार घरात समान वाटला जात नाही. २०१९ सालच्या सरकारी कालोपयोग पाहणीत असे दिसले की, घरातील माणसांची बिनमोल देखभाल करणाऱ्या बायका त्यात दिवसास सरासरी १३४ मिनिटे घालवितात, तर तशी देखभाल करणारे पुरुष ७६ मिनिटे. स्वयंपाक, झाडलोट वगैरे घरकामात बायकांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. त्यातही असे काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळी थोडी. घरात कोणी आजारी पडले म्हणजे बैठक न बसविता ठराव होतो की, सून जाईल. सून नसेल तर लेक जाईल. तिला विचारीत नाहीत. का? तर तो तिचा धर्म! हा धर्म कोणत्या देवाने सांगितला ते आम्हांस ठाऊक नाही. पण तो सांगणारा पुरुषच असावा, एवढे मात्र खास.

मुलगा बापाचे अंग पुसावयास लाजतो आणि सुनेने ते करावे अशी अपेक्षा धरितो, ही गोष्ट आमच्या समाजास शोभत नाही. आमच्या गावापासून जवळच, सेवाग्रामात, महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री नावाच्या महारोगी गृहस्थाच्या अंगास स्वतःच्या हाताने मालीश केले. गांधींची सर्व मते आमच्या वाचकांस मान्य असतीलच असे नाही. परंतु रोग्याच्या अंगास हात लावल्याने पुरुषाचे पुरुषपण जात नाही, एवढा धडा त्यातून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

दुसरे कडू बोलणे असे. रोगी रुग्णालयात असता घरी नवस, उतारे, ग्रहांची शांती आणि गंडेदोरे यांवर पैसा जातो. माणूस भ्यालेला असतो. भ्यालेल्या माणसाच्या खिशात हात घालणे सोपे असते. ज्या पैशात वहिनींची महिन्याची गोळी आली असती, त्याहून अधिक पैसा आमच्या घरातून शांतीच्या दक्षिणेस गेला, आणि तो आम्हीच दिला. सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमची ही कथा, मग इतरांस नावे काय ठेवावीत? आणि "मागल्या जन्मीचे भोग" हे वाक्य तर रोग्याच्या सोबतिणीस कधीच ऐकवू नये. तिच्या श्रमांवर ते मीठ चोळणे आहे.

आता रुग्णालयांविषयी. आम्ही परिचारिकांस दोष देत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे मान असे की, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक परिचारिका असावी आणि इतर सामान्य रुग्णालयात पाचांमागे एक. वाचकांनी आपण पाहिलेला कोणताही वॉर्ड डोळ्यांपुढे आणावा आणि रात्रपाळीस किती जणी होत्या ते मोजावे. ज्या हातांची उणीव आहे ती नातलगांच्या हातांनी भरून काढितात, हे उघड सत्य आहे. रोग्यास कुशीवर वळविणे, भांडे देणे, नळीतून पेज घालणे, एक्सरेस ढकलगाडी ओढणे, रक्ताची बाटली आणणे, सलाईन संपत आले की धावणे, ही सर्व कामे नातलग करितो. तो रुग्णालयाचा बिनपगारी चाकर आहे. असे असता त्यास काम शिकवीत मात्र नाहीत. उलट त्याने काही विचारले तर "बाजूस व्हा" म्हणतात.

न शिकविल्याचा परिणाम काय होतो तोही सांगतो. म्हातारा माणूस रुग्णालयात गेला म्हणजे पुष्कळदा दुसऱ्यातिसऱ्या रात्री भ्रमिष्टासारखा वागू लागतो. नळ्या उपटतो, लेकास ओळखत नाही, मेलेल्या माणसांशी बोलतो. सोबतची बाई घाबरते. तिला वाटते की, वेड लागले किंवा अंतकाळ आला. वास्तविक हा भ्रम रोग, औषधे, तुटलेली झोप आणि अपरिचित जागा यांमुळे होतो आणि बहुधा ओसरतो. डॉक्टरांस तत्काळ सांगावे, रोग्याचा चष्मा व कानाचे यंत्र जवळ ठेवावे, दिवसा उजेड व रात्री अंधार राहील असे करावे, ओळखीच्या आवाजात दिवस, वेळ व जागा पुन्हा पुन्हा सांगावी, म्हणजे पुष्कळ फरक पडतो. एवढे पाच मिनिटांत सांगता येते. आमच्या वहिनींस ते कोणी सांगितले नाही. त्यांनी वडिलांचे हात पदराने धरून तीन रात्री उभ्याने काढल्या. तसेच, लकव्याच्या रोग्यास दर दोन तासांनी कूस पालटावी आणि भरविताना डोके उंच ठेवावे, हे नीट शिकविले असते तर पाठीची जखम आणि छातीतला कफ कदाचित टळला असता, आणि दुसरी व तिसरी खेप वाचली असती. नातलगांस शिकविणे हा उपकार नव्हे. तो रोग्याच्या उपचाराचाच भाग आहे. आपल्याच देशात नूरा हेल्थ नावाची संस्था रुग्णालयांतील नातलगांस असे शिक्षण देते. म्हणजे हे काम अशक्य नाही.

मग करावे काय? नुसते रडगाणे गाणे हा या पत्राचा धंदा नाही. आमच्यापुढे उदाहरणे आहेत, आणि त्यांतील पहिले आमच्याच विदर्भाचे आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अक्षरशत्रू होते असे म्हणतात. पण त्यांस जे कळले ते पुष्कळ पदवीधरांस कळले नाही. त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आज मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणारे गरीब कर्करोगी आणि त्यांचे नातलग आश्रय घेतात. देवळात देव निजतो. धर्मशाळेत माणूस निजतो. खाटेखालच्या माणसास प्रथम निजावयास जागा पाहिजे, हे बाबांच्या मार्गाने जाणारांनी ओळखले.

दुसरे उदाहरण केरळचे. तेथे १९९९ सालानंतर मलप्पुरम, कोळिकोड भागात शेजारपाजारच्या साध्या माणसांनी आठवड्याचे थोडे तास देऊन अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी जाण्याची चळवळ उभी केली. २००८ साली त्या राज्याने त्याचे धोरण ठरविले आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या. अंथरुणास खिळलेल्याची पूर्ण वेळ देखभाल करणारास महिना सहाशे रुपये देण्याची योजनाही त्या राज्याने काढली. रक्कम थोडी आहे आणि ती वेळेवर मिळते की नाही हा प्रश्न वेगळा. पण देखभाल हे काम आहे, हे सरकारच्या कागदावर लिहिले गेले, ही मोठी गोष्ट. परदेशात जर्मनीने १९९५ सालापासून घरी देखभाल करणाराच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी विम्यातून भरण्याची सोय केली. जपानात नोकरदारास एका आप्तासाठी एकूण त्र्याण्णव दिवसांची रजा तीन हप्त्यांत घेता येते.

आणि आमच्या जिल्ह्यास तर हे शिकण्यास दूर जाण्याचेही कारण नाही. सेवाग्रामच्या महाविद्यालयाने खेड्यांतून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविम्याची योजना चालविली. शेतकऱ्याने सुगीस पायलीने ज्वारी द्यावी आणि आजारात त्यास आधार मिळावा, हा विचार ज्या जिल्ह्यात रुजला, त्या जिल्ह्याने पुढचे पाऊल का टाकू नये?

आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. रुग्णालयांनी प्रत्येक वॉर्डाजवळ नातलगास निजावयास कोरडी जागा, पिण्याचे पाणी, बायकांसाठी आतून कडी लागणारा संडास आणि स्वस्त जेवण यांची सोय करावी. दिवसातून एक वेळ ठरवून जबाबदार डॉक्टरांनी नातलगास मराठीत समजेल असे सांगावे. रोग्यास घरी सोडण्यापूर्वी कूस पालटणे, भरविणे, जखम धुणे, गोळ्यांच्या वेळा हे हाताने करवून घेऊन शिकवावे. नुसता कागद हाती देऊ नये. आणि जेथे रोग्याचा रक्तदाब मोजितात तेथेच आठवड्यातून एकदा सोबतच्या माणसाचाही मोजावा. यंत्र तेच, परिचारिका तीच, वेळ दोन मिनिटांचा. आमच्या वहिनींच्या दंडास तो पट्टा एकदा गुंडाळला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

सरकारने महात्मा फुले यांच्या नावाच्या योजनेत सोबतच्या एका माणसाचे जेवण आणि भूमिहीन मजुरांच्या घरी त्याची किमान मजुरी घालावी. खर्च वाढेल असे कोणी म्हणतील. खर्च आजही होतोच आहे. तो फक्त गरिबाच्या घरातून होतो म्हणून दिसत नाही.

आमच्या सिंदी (मेघे) ग्रामपंचायतीने, आशा सेविकांनी आणि बचतगटांनी मिळून एक वही घालावी. गावातील कोण रुग्णालयात आहे, सोबत कोण आहे, किती दिवसांपासून आहे, हे तीत लिहावे. चार दिवस झाले की पाचव्या रात्री दुसऱ्या माणसाने जावे. सावंगीस किंवा सेवाग्रामास एक रात्र बसण्यास आमच्या गावच्या तरुणांस काय अडचण आहे? गणपतीच्या मांडवात रात्रभर जागणारी पोरे शेजाऱ्याच्या खाटेशी एक रात्र जागली तर तो उत्सव काही कमी पवित्र होणार नाही. बाहेरगावचे नातलग आमच्या दाराशी येतात. त्यांच्यासाठी आंघोळीचे पाणी आणि सावली एवढे तरी आम्ही देऊ शकतो.

आणि सर्वांत शेवटची मागणी घरातील पुरुषांकडे आहे, म्हणजे आमच्या स्वतःकडे. पाळी लावा. पहिल्या दिवशीच लावा. कोणाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते पिशवीत घालण्यापूर्वी पाहा. सोबतच्या बाईस "काही पाहिजे काय" असे विचारू नका. ती नाही म्हणेल. तिला घरी पाठवा, निजू द्या, आणि तुम्ही तेथे बसा.

कोणी म्हणतील की, आईबापांची सेवा ही प्रेमाची गोष्ट, तिचा असा हिशेब आणि अशी पाळी लावणे म्हणजे पाश्चात्त्य कोरडेपणा आहे. हा आक्षेप पोकळ नाही. सेवेत समाधान आहे. आमच्या वहिनीही म्हणतात की, मामाजींनी शेवटी त्यांस "माय" म्हणून हाक मारिली तो क्षण त्यांस कोणी विकत मागितला तरी त्या देणार नाहीत. पण आम्ही विचारतो, जे प्रेम एकाच माणसाने करावयाचे आणि बाकीच्यांनी त्याची स्तुती करावयाची, त्यास प्रेम म्हणावे की वेठ? वेठबिगारीसही पूर्वी रीतच म्हणत असत. प्रेम असेल तर ते वाटून घेता येते. जे वाटता येत नाही, ते प्रेम नसून ओझे आहे.

गेल्या पोळ्यास वहिनींनी डाव्या हाताने पुरणपोळी लाटली. आम्ही बाजूस उभे राहून पाहत होतो. त्या हसून म्हणाल्या, "भाऊजी, पाहता काय? या, लाटू लागा." आम्ही बसलो. पोळी वेडीवाकडी झाली. पण ती त्यांनी बाजूस काढली नाही, सर्वांबरोबर वाढली. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक घरात आज ना उद्या कोणाची तरी खाट रुग्णालयात पडणार आहे. त्या दिवशी खाटेवरच्या माणसाचा कागद पाहून झाला म्हणजे एकदा खाली वाका, आणि सतरंजीवर कोण निजले आहे ते पाहा.